तिकीट होतं, तरी दंड का?



आजचं चिंतन: गीता, अध्याय 3, श्लोक 12.

या श्लोकातल्या एका शब्दापाशी मी दर वेळी अडते. भगवान म्हणतात, देवांनी दिलेलं सगळं भोगायचं आणि त्यांना परत काहीच द्यायचं नाही, असं जो करतो तो 'स्तेन'. स्तेन म्हणजे चोर. आळशी म्हणता आलं असतं, कृतघ्न म्हणता आलं असतं. पण नाही, सरळ चोर. कॉलेजात असताना हे फार कडक वाटायचं. त्या माणसाने कुणाचा खिसा कापला नाही, कुणाच्या घरात शिरला नाही, मग चोर कसा?

हा शब्द मला थोडाफार उलगडला तो जर्मनीतल्या एका लोकल गाडीत. हसू नका, सांगते.

आमचे बाबा रेल्वेत टीसी होते. 34 वर्षं नोकरी, सगळी सोलापूर आणि आसपास. घरात रेल्वेचे नियम वरण-भातासारखे असायचे. प्लॅटफॉर्म तिकिटाची मुदत दोन तास, हे मला पाढे पाठ व्हायच्या आधी माहीत होतं. कुणाला सोडायला स्टेशनवर गेलो आणि गाडी लेट झाली, तर बाबा दुसरं प्लॅटफॉर्म तिकीट काढायला रांगेत उभे राहायचे. स्टेशनावर सगळे त्यांना ओळखत असायचे, तरीही. आई म्हणायची, "अहो, कोण विचारणार आहे तुम्हाला?" बाबा म्हणायचे, "म्हणूनच काढायचं."

तर असे आमचे बाबा रिटायर झाल्यावर बऱ्याच वर्षांनी माझ्या भावाकडे जर्मनीला गेले. आईचे गुडघे विमानात बसण्यासारखे नव्हते, म्हणून सोबत मी. बॅगेत कडक भाकरी, शेंगा चटणी आणि बाबांची रोजची पोथी. दक्षिण जर्मनीतलं शहर, छान ऊन पडलेलं. तिसऱ्या दिवशी भाऊ ऑफिसला गेला आणि आम्ही दोघं शहर बघायला निघालो.

बाबांना पहिला धक्का स्टेशनावरच बसला. फाटक नाही, टीसी नाही, तपासनीस नाही. रस्त्यावरून चालत चालत आपण कधी फलाटावर आलो ते कळतच नाही. बाबा दोन मिनिटं नुसते उभे राहिले. "इथे कुणी अडवतच नाही की ओ," म्हणाले. आवाजात कौतुक होतं आणि थोडी काळजीही.

मशीनवर इंग्रजी भाषा निवडून मी दोन तिकिटं काढली. सकाळी भावाला विचारलं होतं, काही करायचं असतं का? तो म्हणाला, तिकीट काढलं की झालं. त्याचंही खोटं नव्हतं. त्याच्याकडे महिन्याचं डॉइचलांडटिकेट आहे, मोबाईलमध्ये. 2023 च्या मे महिन्यात ते 49 युरोंना सुरू झालं, 2025 पासून 58 आणि 2026 पासून 63. देशभरातल्या लोकल, ट्राम, बस आणि प्रादेशिक गाड्या त्यात चालतात. त्याने गेल्या दोन वर्षांत सुटं तिकीट काढलेलंच नव्हतं. ज्याला जे लागत नाही, त्याला ते आठवत नाही.

बाबांनी दोन्ही तिकिटं घडी न घालता शर्टाच्या खिशात ठेवली. तिकीट दुमडायचं नाही, ही आमच्या घरातली शिस्त.

चार स्टेशनं गेली. साध्या कपड्यातली एक मुलगी आणि एक माणूस उठले, गळ्यातलं ओळखपत्र दाखवलं. तपासणी! बाबांचा चेहरा खुलला, खरंच सांगते. व्यवसायबंधू भेटल्यासारखा. त्यांनी ऐटीत तिकिटं काढून दिली. त्या मुलीने ती उलटसुलट पाहिली आणि विचारलं, शिक्का कुठे आहे?

त्या शहरात मशीनमधून येणाऱ्या साध्या तिकिटावर वेळ नसते. फलाटावर जाताना एक छोटी पेटी असते, तिच्या फटीत तिकीट सरकवायचं, मग तारीख-वेळ उमटते. काही जर्मन शहरांत मशीनच शिक्का मारून देतं आणि काहींत नाही, त्यामुळे नवा माणूस हमखास गोंधळतो. तिकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, पण जर्मनमध्ये.

बाबा म्हणाले, "तिकीट आहे की ओ!" मराठीतच. मी भाषांतर केलं. आम्ही काल-परवाच आलोय, माहीत नव्हतं, पैसे तर भरलेत. ती मुलगी शांतपणे इंग्रजीत म्हणाली, तुम्ही चोरी केली असं मी म्हणत नाही. पण हे तिकीट अजून वापरायचं बाकी आहे. म्हणजे आत्ता तुम्ही तिकिटाशिवाय बसला आहात.

माणशी 60 युरो. दोघांचे 120, आपल्याकडचे बारा हजारांच्या आसपास. जर्मनीत हा आकडा ठरलेला आहे, 2015 मध्ये तो 40 वरून 60 केला. हेतू काय होता, हे त्यात विचारतच नाहीत. कागद लिहून झाल्यावर ती मुलगी पुढच्या स्टेशनावर आमच्याबरोबर उतरली, आम्हाला पेटीपर्यंत घेऊन गेली, तिकीट कसं सरकवायचं ते दाखवलं आणि 'दिवस चांगला जावो' म्हणून निघून गेली.

बाबा दिवसभर बोलले नाहीत. मला वाटलं, बारा हजारांचं दुःख असेल. रिटायर्ड माणूस, शिवाय मुलाचे पैसे.

आता गाडी थोडी बाजूला घेते, कारण तो शिक्का माझ्या डोक्यातून जात नव्हता. संध्याकाळी भावाला विचारलं, तिकिटावर ते काय लिहिलंय? तो म्हणाला, 'एन्टव्हेर्टन'. शिक्का मारा, असा अर्थ. पण शब्द फोडला तर? 'व्हेर्ट' म्हणजे किंमत. एन्टव्हेर्टन म्हणजे किंमत काढून घेणं.

आणि मला आपल्याकडचं उदक सोडणं आठवलं. दान द्यायची वस्तू समोर ठेवलेली असते, मनात संकल्पही झालेला असतो, पण हातावरून पाणी सोडेपर्यंत ते दान पूर्ण होत नाही. वस्तू अजून तुमचीच. यज्ञात आहुती टाकताना 'न मम' म्हणतात, हे माझं नाही. तूप तर अग्नीत पडलेलंच असतं, मग बोलायचं कशाला? कारण आपला हात त्यावरून सुटला हे नक्की व्हावं लागतं.

बिनशिक्क्याचं तिकीट म्हणजे उदक न सोडलेलं दान. पैसे दिलेत हे खरं, पण ते तिकीट उद्याही चालेल, परवाही चालेल. आज कुणी आलं नाही तर खिशात राहील. बाबांच्या मनात तसं काही नव्हतं, पण तिकिटाला मन कुठे दिसतं? आणि तपासनिसाला तरी कसं दिसणार?

आपल्याकडे टीसी पंच करायचा. जुन्या पुठ्ठ्याच्या तिकिटाला चिमट्याने खाच पाडायचा तो. बाबांनी स्वतः किती हजार तिकिटांना खाचा पाडल्या असतील! तिकडे ते काम प्रवाशाकडे दिलंय. आपणच आपले टीसी. 34 वर्षं दुसऱ्यांची तिकिटं पंच केलेला माणूस स्वतःचं पंच करायला विसरला. बाबांना हे सांगितलं तर ते हसले नाहीत. मला वाटलं होतं हसतील.

मग त्या रात्री त्यांनी कुर्डुवाडीची गोष्ट सांगितली.

नव्वदच्या दशकातली. आषाढीचे दिवस. पंढरपूरला जाणारी गर्दी कुर्डुवाडीला उतरते, तुम्हाला माहीतच आहे. एका एक्स्प्रेस गाडीत एक म्हातारी बसलेली, गळ्यात तुळशीची माळ, पायाशी बोचकं. बाबांनी तिकीट मागितलं तर तिने पदराची गाठ सोडली. तिकीट निघालं, पण पॅसेंजरचं. गाडी एक्स्प्रेस. ती म्हणाली, "तिकीट हाय की लेका." गर्दीत जी गाडी आली तिच्यात चढली होती. बाबांनी नियमाप्रमाणे फरक आणि दंड लावला. किमान दंड तेव्हा 50 रुपये होता. तिने दुसरी गाठ सोडली आणि चुरगळलेल्या नोटा मोजून दिल्या. बाबांनी पावती फाडून दिली. तिने ती पावतीही पदरात बांधली, तिकिटासारखीच.

"इथपर्यंत माझं बरोबर होतं," बाबा म्हणाले. "आज माझे 60 युरो घेतले तेही बरोबरच. पण मी तिला एक वाक्य बोललो होतो."

कुठलं?

"माळ घालून खोटं बोलतेस, लाज नाही वाटत?"

डब्यातल्या सगळ्यांनी ऐकलं होतं. म्हातारी काही बोलली नाही. खाली मान घालून बसून राहिली. बाबा म्हणाले, त्यांना ती त्यानंतर कधी आठवलीही नव्हती. पंचवीस-तीस वर्षांत एकदाही नाही. आज त्या पोरीने 'तुम्ही चोरी केली असं मी म्हणत नाही' म्हटलं, आणि त्यांना ती पदराची गाठ दिसली.

मंडळी, त्या रात्री मला झोप लागली नाही. प्रश्न साधा आहे, तुम्हीही कधीतरी विचारला असेल: नियम माहीत नसेल तर चूक ही चूक आहे का?

आपलं उत्तर पटकन 'नाही' येतं, विशेषतः चूक आपली असेल तर. पण आपलं धर्मशास्त्र असं म्हणत नाही. प्रायश्चित्ताच्या विचारात कामतः आणि अकामतः हा भेद फार जुना आहे. जाणून केलेलं आणि नकळत झालेलं. नकळत झालेल्याला प्रायश्चित्त कमी, पण आहे. घरातल्या पूजेच्या शेवटीही आपण कळत-नकळत झालेल्या, दोन्ही चुकांची क्षमा मागतो. नकळत झालं ते मोजायचंच नसतं, तर मागायची गरज काय होती?

मला गंमत वाटली ती याची, की हाच भेद आपल्या रेल्वेच्या कायद्यातही आहे. बाबांना तो तोंडपाठ. रेल्वे कायदा 1989. कलम 137 फसवायच्या हेतूने विनातिकीट फिरणाऱ्यासाठी: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम 138 मध्ये हेतूचा प्रश्नच नाही. तिकीट नाही किंवा चुकीचं आहे, तर भाडं आणि वर तेवढाच अधिभार, आता किमान 250 रुपये. इंग्लंडमध्येही असंच. तिथल्या 1889 च्या कायद्यात भाडं चुकवायचा हेतू लागतो, आणि रेल्वेच्या उपविधीप्रमाणे नुसतं वैध तिकीट नसणं पुरेसं होतं.

म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक देणं, एक दोष. देणं हे मोजता येतं, त्याला मन लागत नाही. दोष मनात असतो. म्हातारीचं देणं होतं, दोष नव्हता. बाबांनी देणं घेतलं ते कर्तव्य, आणि वर दोषही दिला, तो द्यायचा अधिकार त्यांना कुणीच दिलेला नव्हता. 138 ची पावती फाडली आणि तोंडाने 137 लावलं. हे वाक्य माझं नाही, बाबांचंच आहे.

आता उलटी बाजू. भावाच्या फ्लॅटवर एक मुलगा यायचा, आपल्याच भागातला, हुशार, एकादशी कधी न चुकवणारा. आमची हकीकत ऐकून तो हसला. म्हणाला, काकू तुम्ही तिकीट काढलंच कशाला? महिन्यातून एखाद्या वेळी तपासणी होते. धरलं तर 60 भरायचे, तरी पास घेण्यापेक्षा फार काही वेगळं पडत नाही. शिवाय गाड्या किती लेट असतात बघा, आणि टॅक्स तर आपण भरतोच. (मला काकू म्हणाला याचा राग वेगळाच. मी तिशीतली आहे.)

त्याचं गणित चुकलेलं नव्हतं, आणि तीच अडचण आहे. बाबांना दंड झाला, दोष नव्हता. या पोराला दोष आहे, दंड नाही. आणि उद्या तो धरला गेला तर त्यालाही तेच 60 युरो लागतील. नियमाला दोघं सारखेच दिसतात. तो फरक फक्त ज्याचा त्याला कळतो, आणि आपण मानतो त्या हिशोबनिसाला.

मला त्याला उत्तर द्यायला सुचलं नाही. चहाचा कप धरून बसले. पण श्लोक त्याच्याबद्दलच बोलतो असं आता वाटतं. भगवंतांनी ज्याला स्तेन म्हटलं, त्याने कुणाचं घर फोडलेलं नाही. तो एका चालू असलेल्या यज्ञात बसून जेवतोय. सगळ्यांनी मूठ-मूठ टाकलीय, आणि हा फक्त वाढून घेतो. फाटक नसलेलं स्टेशन म्हणजे असाच यज्ञ. कुणी अडवत नाही, कारण प्रत्येक जण आपली मूठ टाकेल असं धरलंय. ज्याने मूठ टाकली नाही त्याची जागा दुसरा कुणीतरी भरतो, ज्याचा चेहरा आपल्याला कधी दिसत नाही. लक्झेंबर्गमध्ये 29 फेब्रुवारी 2020 पासून रेल्वेचा दुसरा वर्ग, ट्राम, बस सगळ्यांनाच मोफत आहे. पण तिथेही गाडी फुकट धावत नाही. मूठ करातून आधीच टाकलेली असते. मूठ टाकायची पद्धत बदलता येते.

गाड्या लेट असतात हे खरं. त्याची तक्रार करावी, भरपाई मागावी. यज्ञातला पुरोहित उशिरा आला म्हणून आपण प्रसाद उचलून पळत नाही.

तुमच्यापैकी बरेच जण शिकायला, नोकरीला बाहेर जाताय, म्हणून दोन-चार गोष्टी सांगून ठेवते, आमच्या बारा हजारांचा तेवढा तरी उपयोग. नियम प्रत्येक देशात वेगळा, आणि 'तिकीट आहे' हे वाक्य कुठेच पुरेसं नाही. इटलीत प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये शिक्का मारून घ्यायचं. जर्मनीतलं भावाचं ते महिन्याचं तिकीट आयसीई किंवा आयसी या लांबच्या जलद गाड्यांत चालत नाही, आणि ते त्याच्याच नावावर असतं, मित्राला एक दिवस द्यायचं नाही. बव्हेरियात पाच जणांपर्यंत एकत्र फिरायचं दिवसाचं तिकीट मिळतं, पण त्यावर प्रत्येकाचं नाव लिहायचं, आणि सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच लागू होतं. 8:50 ची गाडी पकडली तर पुन्हा आमच्यासारखी गत. इंग्लंडमध्ये आगाऊ स्वस्तात काढलेलं तिकीट ठरलेल्या गाडीलाच चालतं, आधीची गाडी मिळाली म्हणून चढायचं नाही. तिथे दंड 2023 पासून 100 पौंड आणि वर भाडं, 21 दिवसांत भरला तर दंड निम्मा. युरेल पास घेतला तरी अनेक जलद गाड्यांना जागेचं आरक्षण वेगळं काढावं लागतं.

जपानची पद्धत मला सगळ्यात आवडते. कमी भाड्याचं तिकीट घेऊन पुढे गेलात, तर उतरल्यावर फाटकाच्या आत एक मशीन असतं. तिकीट घाला, फरक भरा, बाहेर पडा. कुणी काही विचारत नाही. माणूस चुकणार हे धरूनच ती सोय केलीय. देणं घेतात आणि दोषाचा विषयच काढत नाहीत.

जर्मनीतही याची एक छोटी खिडकी आहे. स्वतःच्या नावाचा पास घरी विसरला आणि धरले गेलात, तर नंतर जाऊन पास दाखवला की 60 ऐवजी साधारण 7 युरो घेतात. आमच्या प्रकाराला मात्र ती खिडकी नव्हती. भाऊ म्हणाला, विनंतीचा अर्ज करून बघू, कधीकधी ऐकतात. बाबा नको म्हणाले. "त्या म्हातारीने केला होता का अर्ज?"

पण देणं घ्यायचंच म्हटलं तर एक प्रश्न उरतो, आणि तो मला सोपा वाटत नाही. ज्याच्याकडे खरंच नाही त्याचं काय? जर्मनीत वारंवार विनातिकीट सापडलं तर फौजदारी खटला होऊ शकतो. कायद्यात वर्षभरापर्यंत कैद किंवा दंड आहे. बहुतेकांना कोर्ट दंडच करतं, पण तो भरायलाही पैसे नसले तर त्याच्या बदल्यात तुरुंगात बसावं लागतं. बेघर, आजारी, व्यसनात अडकलेले लोक असे आत जातात. एका तिकिटाच्या पैशापायी. 2021 च्या डिसेंबरमध्ये तिथल्या आर्ने सेमस्रॉट नावाच्या पत्रकाराने 'फ्रायहाइट्सफाँड्स', म्हणजे स्वातंत्र्य निधी, सुरू केला. लोकांकडून वर्गणी घ्यायची आणि अशा कैद्यांचा दंड भरून त्यांना सोडवायचं. शेकडो लोकांना त्यांनी बाहेर काढलंय.

भावाने हे सांगितलं तेव्हा बाबा एकदम म्हणाले, "दामाजीपंत!"

आपल्या सोलापूर जिल्ह्यातलं मंगळवेढं. बहामनी काळातला दुष्काळ. दामाजीपंतांनी बादशहाची धान्याची कोठारं उपाशी लोकांना खुली केली, परवानगी न घेता. बिदरहून बोलावणं आलं. आणि कथा सांगते की त्यांच्या आधीच विठू महाराच्या रूपात विठोबा दरबारात पोचला आणि सगळ्या धान्याची किंमत भरून मोकळा झाला. लहानपणापासून आपण ही गोष्ट ऐकतो ती दयेची म्हणून. बाबांनी त्या दिवशी तिच्यातला दुसरा भाग दाखवला, जो मी कधी नीट ऐकलाच नव्हता. विठोबाने पैसे भरले आणि पावती घेतली.

देव होता तो. बादशहाच्या डोक्यातून तो दुष्काळच पुसून टाकता आला असता. कोठारं पुन्हा भरता आली असती. काहीही करता आलं असतं. पण त्याने देणं बुडवलं नाही, रोख चुकतं केलं, आणि दामाजींना दोष लागू दिला नाही. दयाही झाली आणि हिशोबही पूर्ण झाला. दया करायची म्हणजे हिशोब फाडायचा, असं मला आजवर वाटायचं. इथे तर देव दुसऱ्याच्या नावाचा हिशोब स्वतः भरतोय. कुर्डुवाडीच्या गाडीत बाबांना ते करता आलं असतं. पावती फाडायची आणि 50 रुपये आपल्या खिशातून टाकायचे. बाबा म्हणाले, त्यांच्या एका सोबत्याने असं दोन-तीनदा केलेलं त्यांनी पाहिलं होतं, आणि तेव्हा त्याला वेड्यात काढलं होतं.

आम्ही सोलापूरला परत आलो त्याला आता बरेच महिने झाले. आषाढीच्या आधी बाबा कुर्डुवाडीला जाऊन आले. मी विचारलं कशाला, तर म्हणाले, सहज. ती बाई आता असणं शक्य नाही, हे त्यांनाही माहीत आहे. दिवसभर तिकीट खिडकीजवळ उभे होते म्हणे. पॅसेंजर कुठली, एक्स्प्रेस कुठली, कुणाचं तिकीट कुठल्या गाडीला चालेल, हे विचारणाऱ्यांना सांगत. एका आजोबांच्या तिकिटातला फरक त्यांनी भरला. दुसऱ्या एका पोराचा भरायला गेले तर तो म्हणाला, काका, मला माहीत होतं, मी मुद्दामच चढणार होतो.

"मग काय केलंत?" मी विचारलं.

"त्याचा नाही भरला," बाबा म्हणाले. "पण ओरडलोही नाही. नुसती खिडकी दाखवली."

गेलं की नाही ते पोरगं खिडकीवर, हे बघायला ते थांबले नाहीत.

60 युरोंचा तो जर्मन कागद बाबांच्या पोथीत आहे, खूण म्हणून. आज सकाळी तो तिसऱ्या अध्यायात होता, म्हणून हे सगळं लिहिलं गेलं.

उद्या पुढचा श्लोक, 13 वा. फक्त स्वतःसाठी रांधणाऱ्यांबद्दलचा. येताना आपापल्या डब्याचा विचार करून या.

राम कृष्ण हरी.